फॉर्म बी भरताना: उंदरांचा आकडा आणायचा कुठून?

नाशकातल्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.चं दुसरं वर्ष लागलं की फॉर्म बीची, म्हणजे प्राण्यांवर औषधी वनस्पती वगैरे तपासण्याच्या परवानगीसाठी करायच्या अर्जाची, घाई सुरू होते. सीनियरचा जुना फॉर्म पुढ्यात ठेवायचा आणि वनस्पतीचं नाव तेवढं बदलायचं. हे अर्ज तपासणाऱ्या प्राणी नीतिसमितीत मुरलेला माणूस हे पहिल्या पानावरच ओळखतो.

सुरुवात आकड्यापासून नको. हे काम प्राण्याशिवाय होतं का, ते आधी शोधा आणि कुठे, कोणते शब्द टाकून, कोणत्या तारखेला शोधलं तेही लिहा. 'पर्याय उपलब्ध नाही' एवढ्यावर फॉर्म परत येतो. नुसता हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करायचा नाही, हे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच आहे, कलम १७ मध्ये.

मग आकडा. आधीच्या अभ्यासातलं प्रमाण विचलन (मोजमापं सरासरीपासून किती विखुरतात ते) हाती असेल तर त्यावरून काढा. नसेल तर एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा. उत्तर १० ते २० मध्ये यायला हवं. ४ गट, प्रत्येकी ६: २४ वजा ४, म्हणजे २०. बसलं. पण त्याच सवयीने ५ गटांना ३० मागितले की उत्तर २५ येतं. तिथे प्रत्येकी ५ पुरतात. उत्तर १०च्या खाली गेलं तर ती दया नव्हे. निष्कर्षच निघाला नाही, तर वापरले तेवढे सगळे प्राणी फुकट गेले.

रक्ताचा हिशेबही बहुतेकांचा चुकतो. २०० ग्रॅमच्या रॅटच्या (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या) अंगात रक्त जेमतेम १३ मिली. एका वेळी त्याच्या १० टक्के, म्हणजे १.३ मिलीच्या आत. 'दर आठवड्याला १ मिली, चार आठवडे' हे कागदावर निरुपद्रवी दिसतं, पण महिन्यात जवळपास तिसरा हिस्सा रक्त गेलेलं असतं. प्राणी अशक्त होतो आणि तुमचं हिमोग्लोबिनचं रीडिंगही खोटं पडतं. तोंडावाटे डोस एका वेळी २ मिलीपर्यंतच.

'मरेपर्यंत निरीक्षण' लिहू नका. वजन सुरुवातीच्या २० टक्क्यांनी घटलं की प्राणी प्रयोगातून काढायचा, असं स्पष्ट लिहा. दिवसातून किती वेळा बघणार आणि रविवारी कोण बघणार, तेही.

शेवटी खोलीचं तापमान: १८ ते २९ अंश. डिसेंबरात निफाडकडे पहाटे पारा एक आकडी होतो, आणि नोंदवहीत मात्र महिनाभर सरळ २४! किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर पिंजऱ्यांच्या उंचीवर टांगा, रोज सकाळी दोन्ही आकडे टिपा आणि मगच रीसेट करा.