धोतऱ्याची जात फळावरून ओळखा
बांधावरच्या, उकिरड्यावरच्या धोतऱ्याची जात फुलाच्या रंगावर ठरवू नका. स्ट्रॅमोनियम आणि मेटेल या दोन्ही जाती पांढऱ्या-जांभळ्या फुलतात, घोळ तिथेच होतो. पक्कं फळ शोधा. फळ उभं, पिकल्यावर चार फाकांत सरळ उकलणारं, बी काळं: स्ट्रॅमोनियम. फळ खाली झुकलेलं, वेडंवाकडं फुटणारं असेल तर पानादेठावरची लव बघा. मऊ राखाडी लव, फळावर लांब बारीक काटे म्हणजे इनॉक्सिया. अंग जवळपास गुळगुळीत, काटे आखूड, बोथट म्हणजे मेटेल. चिनी वैद्यकात ‘यांगजिन्हुआ’ म्हणून याचंच फूल वापरतात. कोवळ्या फळावर भरवसा नको, देठ नंतर वाकतो.

हातमोजे घालाच. रस डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन नजर धूसर होते. बी पोटात गेलं तर जिवावर बेततं.