ससा-तितरासाठी पंप बंदूक कशी निवडावी

पंप-अ‍ॅक्शन बंदूक (नळीखालची मूठ, म्हणजे फोरएंड, मागे-पुढे ओढून काडतूस बदलणारी) घ्यायला निघालेला माणूस आधी कंपनी विचारतो, मग मॅगझिनमध्ये काडतुसं किती बसतात ते. ससा, खार, तितर, लावा, फेझंट यांच्यासाठी हे प्रश्न शेवटचे. बोअर (नळीच्या जाडीचं माप), वजन आणि दस्ता (खांद्याला टेकतो तो भाग) जमला नाही तर बाकी काहीही असून उपयोग नाही. (जिथे शिकारीचा परवाना मिळतो आणि हंगाम ठरलेला असतो, तिथलीच ही गोष्ट. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे.)

१२ बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिमी, २० बोअरचा १५.६ मिमी. लहान शिकारीच्या १२ बोअर काडतुसात ३२ ग्रॅमच्या आसपास छर्रे असतात, २० बोअरच्या काडतुसात २५ ते २८ ग्रॅम. तीस मीटरच्या आत हा फरक फारसा जाणवत नाही. वजनाचा मात्र जाणवतो: १२ बोअरची पंप बंदूक सव्वातीन किलोच्या घरात जाते, २० बोअरची पावणेतीन ते तीन. दिवसभर झुडपांतून पायी फिरायचं असेल तर २० बोअर घ्यावी. एकाच बंदुकीवर पुढे बदकंही मारायची असतील तर १२.

४१० ची (०.४१० इंच, म्हणजे याहून बारीक नळीची) बंदूक हलकी म्हणून मुलांच्या हाती देतात. ही उलटी चाल आहे. तिच्या काडतुसात १४ ते २० ग्रॅमच छर्रे, त्यामुळे पॅटर्न (छर्ऱ्यांचा पसारा) विरळ पडतो आणि जनावर जखमी होऊन निसटतं. ती सरावलेल्या हाताची बंदूक. नवशिक्याला आखूड दस्त्याची २० बोअर आणि हलकी काडतुसं बरी.

घरात दोन्ही बोअर असतील तर २० चं काडतूस १२ च्या बंदुकीच्या आसपासही येऊ देऊ नका. ते चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून) पुढे घसरतं आणि नळीत अडकतं. बार उडाला नाही म्हणून माणूस मागून १२ चं काडतूस भरतो, आणि नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं सहसा पिवळी असतात. तरी खिसे तपासण्याची सवय रंगापेक्षा भरवशाची.

चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते: ७०, ७६ किंवा ८९ मिमी. काडतुसाची लांबी मोजतात ती तोंडाची घडी उघडल्यानंतरची. त्यामुळे न उडवलेलं ७६ मिमीचं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, पण उडताना घडी पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. जुन्या बंदुकांत ६५ मिमीची चेंबरही सापडतात. लहान शिकारीला ७० मिमीची काडतुसं पुरतात. ७६ चं चेंबर असलं तर दोन्ही चालतात. ८९ साठी जादा पैसे मोजू नका.

नळी २६ किंवा २८ इंची घ्यावी. पंप बंदुकीचा रिसीव्हर (नळीमागचा, यंत्रणा असलेला भाग) लांब असतो, त्यामुळे तितक्याच नळीच्या दुनळीपेक्षा ती आठ-नऊ सेंटिमीटर लांब भरते; दाट झाडीत २६ सोयीची. १८-२० इंची नळ्या संरक्षणासाठीच्या. त्या बहुधा बिनचोकच्या (तोंडाशी न आवळलेल्या) असतात आणि उडत्या पक्ष्यामागे फिरवताना मध्येच थबकतात.

चोक बदलता येणारी नळीच घ्या. ४० यार्डांवर ७६ सेंमीच्या वर्तुळात सिलिंडर (काहीच न आवळणारा) साधारण ४० टक्के छर्रे टाकतो, इम्प्रूव्हड सिलिंडर ५०, मॉडिफाइड ६०, फुल ७०. ससा आणि लाव्याला इम्प्रूव्हड सिलिंडर, झाडावरच्या खारीला आणि लांबून उठणाऱ्या फेझंटला मॉडिफाइड. फुल चोकने पंधरा मीटरवरचा ससा खाण्याजोगा राहत नाही. चोक काढून ठेवून बार उडवू नका, नळीतले आटे खराब होतात. पोलादी छर्रे शिशापेक्षा कठीण, म्हणून जुन्या नळीत किंवा फुल चोकमधून ते वापरायचे नाहीत. आणि हलके, म्हणून दोन आकार मोठे घ्यायचे.

छर्ऱ्याच्या अमेरिकन क्रमांकाचा हिशेब सोपा: १७ मधून क्रमांक वजा केला की व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत मिळतो. ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, २.८ मिमी. ससा, खार, फेझंट यांना ५ किंवा ६. लावा आणि पारव्याला ७½ किंवा ८. ब्रिटिश क्रमांक एक घर सरकलेला असतो, तिकडचा ५ म्हणजे इकडचा ६. डब्यावर मिलिमीटर छापले असतील तर तेच वाचा.

आता बंदूक हातात घ्या. आधी मॅगझिन आणि चेंबर रिकामं आहे ना, ते डोळ्याने पाहा आणि बोट घालून चाचपा. शिकारीला जाताना घालता तेच जाकीट अंगात हवं. सुरक्षित दिशेला नजर लावा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला आणा, डोळे उघडा. मक्षी (नळीच्या टोकावरचा मणी) समोर आणि नळीवरची पट्टी जेमतेम दिसली तर दस्ता जमला. पट्टी फार उंचावरून दिसली तर छर्रे वर जातील. रिसीव्हरचा मागचा भागच दिसला तर खाली. चापावरच्या हाताचा अंगठा नाकापासून दोन-तीन बोटं दूर राहायला हवा. याहून जवळ आला तर धक्क्याने नाकावर बसतो.

सेफ्टी (चाप अडवणारी कळ) कुठे आहे ते पाहा. रेमिंग्टन ८७० ला ती चापाच्या कडीमागे आडवी, उजव्या हाताला सोयीची. मॉसबर्ग ५०० ला रिसीव्हरच्या वर, दोन्ही हातांना सारखी. डावखुऱ्याला रिकामी काडतुसं खालून टाकणारी इथाका ३७ किंवा ब्राउनिंग बीपीएस बरी, चेहऱ्यासमोरून काही उडत नाही.

जुनी बंदूक घेताना डमी (दारू नसलेली) काडतुसं सोबत न्या. चार भरा आणि फोरएंड दणक्यात मागे-पुढे करा. पंप हळुवारपणे ओढणाऱ्यांची बरीच अडकाअडकी अर्धवट ओढण्यानेच होते. एका ओढीत दोन काडतुसं बाहेर आली तर शेल स्टॉप (मॅगझिनमधून एका वेळी एकच काडतूस सोडणारे अडसर) झिजलेत. काडतूस चेंबरमधून निघत नसेल तर एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) गेलाय किंवा चेंबर गंजलंय. नळी काढून उजेडाकडे धरा: आत गडद कडं दिसलं तर तिथे फुगवटा आहे, सौदा तिथेच सोडा. मॅगझिनच्या नळीला पोचा असेल तर स्प्रिंग अडकते. मग रिकाम्या बंदुकीचा चाप दाबून धरा आणि तसाच फोरएंड मागे ओढून पुढे ढकला. बोल्ट (चेंबरचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंद होताच ‘खट्’ आवाज आला, तर त्या बंदुकीत चाप सोडायच्या आधीच बार उडू शकतो. विंचेस्टर मॉडेल १२ आणि जुन्या इथाका ३७ ची रचनाच तशी आहे. नवख्याने अशा बंदुकीच्या वाटेला जाऊ नये. शेवटी सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, मग चाप सोडून सेफ्टी काढा. तेवढ्यावर घोडा पडला तर बंदूक परत द्या.

काही ठिकाणी काडतुसांच्या संख्येवर बंधन असतं. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी चेंबर धरून तीनच. मॅगझिनमध्ये अडसराची काडी बसते का ते विचारून घ्या.

घेतल्यावर मीटरभर रुंद कागदावर २५ मीटरवरून मधल्या ठिपक्यावर नेम धरून प्रत्येक चोकने तीन-तीन बार टाका, दर बाराला नवा कागद. सशाएवढी मोकळी जागा छर्ऱ्यांत राहत असेल तर आधी काडतुसाचा ब्रँड बदला, मग चोक. सगळा घोस एकाच बाजूला पडत असेल तर चोक नीट घट्ट बसलाय का पाहा. तो ठीक असेल तर दस्ता पुन्हा तपासा.