जाइव्ह शिकायचाय? आधी फुगडी आठवा

लेकाचं लग्न वसईच्या कॅथलिक मुलीशी ठरलं. व्याह्यांनी फोनवर विचारलं, "रिसेप्शनला जाइव्ह होणारच, उतराल ना दोघं?" ह्यांनी "हो हो, का नाही!" म्हणून टाकलं आणि फोन ठेवून मला विचारतात, "जाइव्ह म्हणजे काय गं?"

हातात अडीच महिने. माझं वय 54, ह्यांचं 58. वाशीत आठ दिवस क्लास केला, बाकी सगळं नेरुळला आमच्या गच्चीवर.

हा जोडीने करायचा नाच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जिटरबग नावाच्या नाचातून आलेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी तो इंग्लंडात नेला. स्पर्धेत मिनिटाला 170 च्या आसपास ठोके असतात. तिकडे बघायचंच नाही. मोबाइलवर मेट्रोनोम (ठराविक लयीत टकटक ठोके देणारं ॲप) 100 ला लावा आणि आधी पाय न हलवता तोंडाने म्हणा: मागे, जागी, ताऽक-धिन, ताऽक-धिन. 'ताऽ' लांब, 'क' निसटता, 'धिन' पूर्ण. हे तिन्ही सारख्या अंतराने पडले तर जाइव्हचा झोकच गेला.

आता पाय. पुरुषाचा डावा मागे, उजवा जागच्या जागी; मग डावीकडे तीन छोटी पावलं, डावा-उजवा-डावा, आणि उजवीकडे तीन, उजवा-डावा-उजवा. बाईचं आरशातल्यासारखं, उजव्यापासून. छोटी म्हणजे किती? गच्चीवर एक फुटाची लादी आहे. बाजूला जाताना लादी ओलांडायची नाही. ह्यांनी पहिले दोन आठवडे दोन-दोन लाद्या ओलांडल्या आणि गाणं कायम पुढे पळत राहिलं. वजन चवड्यांवर, गुडघे सैल.

माझा घोळ वेगळाच. मी लहानपणी पेटी शिकले, त्यामुळे सम, म्हणजे पहिली मात्रा, शोधायची सवय. गाणं चाराचं आणि पावलं सहा मात्रांची, म्हणजे केरव्यावर दादरा! दुसऱ्या फेरीला पाऊल भलत्याच मात्रेवर यायचं आणि मी थांबायचे. थांबू नका. पावलांच्या दोन फेऱ्यांत गाण्याची तीन आवर्तनं होतात, पाऊल आपोआप पहिल्या मात्रेवर येतं.

हात धरणं मात्र मला आयतं आलं, फुगडीमुळे. फुगडीत हात ढिले सोडले की पडतो, आवळले की फिरता येत नाही. इथेही तसंच, फक्त मागे रेलायचं नाही. 'मागे' म्हणताना दोघांच्या बोटांत किंचित ताण आला पाहिजे; त्यावरून कळतं, आता वळवणार. ह्यांनी माझा अंगठा असा आवळला होता की दोन दिवस पोळ्या लाटता येईनात.

रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. पाय चिकटतो, गुडघा पिळवटतो. माझा आठवडाभर दुखला. चामडी तळव्याचे, घट्ट बसणारे बूट बरे. घरात मोजे घालून तर मुळीच नाही.

शंभरवर सलग दहा फेऱ्या न चुकता झाल्या की दहाने वाढवा. आम्ही 140 पर्यंत पोचलो.

आणि रिसेप्शनला बँडने सुसाट गाणं लावलं. तेव्हा ताऽक-धिन सोडून दिलं: मागे, जागी, डावा, उजवा. बाजूचं प्रत्येक पाऊल दोन ठोके. श्वास घ्यायला जागा मिळते. विहीणबाईंनी नंतर विचारलं, क्लास कुठे केलात? हे म्हणाले, "गच्चीवर."