दोन नाणी फेका, मग भागाकार करा

यवतमाळकडच्या आमच्या गावात दहावीच्या पोरांना संभाव्यता शिकवताना मी आधी सूत्र सांगत नाही. एक रुपयाचं अन् एक दोन रुपयांचं नाणं हातात देतो. काय काय पडू शकतं, लिहा. बहुतेक जण तीनच लिहितात: दोन्ही छाप, दोन्ही काटे, एकेक. इथंच घात होतो बाप्पा! रुपयावर छाप, दोनवर काटा हे वेगळं, उलटं वेगळं. म्हणजे निष्पत्ती, पडू शकणारे वेगवेगळे प्रकार, चार. फ्रान्सचा मोठा गणिती द'अलांबेर, १७५४ साली तोही चारऐवजी तीनच मोजून बसला होता.

आता हव्या त्या निष्पत्तींना एकूण निष्पत्तींनी भागा. एकेक पडण्याची संभाव्यता २/४, म्हणजे १/२.

पण निष्पत्ती समसंभाव्य हव्यात, म्हणजे प्रत्येकीची शक्यता सारखी हवी. डब्यात ३ लिंबं, २ संत्री असली तर बोटांना संत्रं लगेच कळतं. तिथं २/५ धरू नका. त्यापेक्षा पाच सारख्या सरक्या घ्या, दोघींना कुंकू लावा अन् डोळे मिटून एक काढा.