वस्तीत कुपोषणाचं काम सुरू करताना

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, पहिल्या वर्षी माझं क्षेत्रकार्य मुंबईत गोवंडीतल्या एका वस्तीत होतं. दीड वर्षाच्या एका मुलाचं वजन आठवड्याभरात अर्धा किलो वाढलेलं दिसलं आणि मी ते आनंदाने वहीत लिहिलं. अंगणवाडीच्या सेविकाताईंनी काही न बोलता त्याचं पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्याने तीन सेकंद दाबलं. खड्डा पडला, तो भरून येईना. दुसऱ्या पावलावरही तसाच. वाढलं होतं ते वजन नव्हतं, ती सूज होती. दोन्ही पावलांवर अशी सूज असेल तर काटा काहीही सांगो, ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे 'सॅम' धरायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. तेव्हापासून मी आधी पावलं बघते, मग काटा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर सॅम, 11.5 ते 12.5च्या आत असला तर 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषित. पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर लावा, आवळू नका. दोन वर्षांखालच्या मुलाची उंची झोपवून मोजतात. यावर हात आठवड्याभरात बसतो.

खरी कसोटी घरात आहे. 'बाळाला काय भरवता?' असं विचारलं की उत्तर येतं, 'सगळं खातो.' त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासूनचं एकेक विचारा. मग कळतं: सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, अकरा वाजता दुकानातल्या खाऊचा पाच रुपयांचा पुडा, दुपारी डाळीचं वरचं पाणी. पुड्याने भूक मेलेली, आणि डाळीच्या पाण्याने पोट भरतं पण ताकद मिळत नाही. आईला दोष देऊ नका. ती नगावर पैसे मिळणारं जरीचं काम करत बसलेली असते, पाणी विकत आणते, आणि पुडा दिला की मूल तासभर शांत राहतं. अशा बाईसमोर मी सुरुवातीला फळं आणि दुधावर भाषण दिलं, याचं आजही वाईट वाटतं. आता एवढंच सांगते: घरात शिजलेलाच डाळ-भात कुस्करा, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट ठेवा, वर चमचाभर तेल घाला, आणि पुडा जेवणानंतर.

आणि आईच्या ताटाचंही विचारा. ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून त्या डब्यातच राहतात. काळं होणं घाबरण्यासारखं नाही, हे आधीच सांगा. गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको; लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालते.

मे महिन्यात कुटुंबं गावाला जातात. वहीत 'गावी गेले' एवढंच लिहून थांबू नका. परतायची अंदाजे तारीख आणि चालू असेल असा फोन नंबर घ्या. जूनमध्ये परतलेली मुलं पुन्हा मोजा, आधी सॅममध्ये असलेल्यांपासून सुरुवात करा.