थँक्सगिव्हिंग ते नाताळ: फूड पँट्रीत कामाला जाताना

अमेरिकेत नोव्हेंबर लागला की फूड पँट्रीकडे, म्हणजे गरजूंना मोफत किराणा देणाऱ्या केंद्राकडे, चौकशांचा पूर येतो, आणि विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना थँक्सगिव्हिंगच्या दिवशी (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) सकाळी, सहकुटुंब, वाटपाचंच काम हवं असतं. ते बहुधा मिळत नाही. सणाचं वाटप आधीच्या शनिवारी किंवा सोमवार-मंगळवारी उरकलेलं असतं आणि त्या गुरुवारी बऱ्याच पँट्र्या बंदच असतात. पंगतीत वाढायला सगळे पुढे येतात, आदल्या रात्री भाजी निवडायला बसणारे कमी पडतात, तसंच इथलं आहे. खरी गरज असते ती नोव्हेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, कामाच्या दिवशी, दुपारी. शाळा-ऑफिसांतून गोळा झालेल्या डबाबंद मालाचे ढीग तेव्हा दाराशी येऊन पडलेले असतात आणि ते निवडायला माणसं नसतात.

नाव नोंदवण्याआधी आपण कुठे नोंदवतोय ते बघा. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम. तिथून माल छोट्या संस्थांना जातो. पहिली फूड बँक १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. आज ‘फीडिंग अमेरिका’च्या जाळ्यात अशा सुमारे २०० फूड बँका आहेत. पँट्री म्हणजे गावातलं शेवटचं टोक: चर्चचं तळघर, शाळेतली खोली, एखादा गाळा. लोक इथे येऊन किराणा घरी नेतात. शिजवलेलं ताट वाढलं जातं ते सूप किचनमध्ये. ऑफिसच्या किंवा मंडळाच्या पंचवीस जणांना एकदम जायचं असेल तर फूड बँकेचं गोदाम गाठा. पँट्रीत सहा-आठ जणांपलीकडे उभं राहायलाही जागा नसते आणि जास्तीच्या माणसांना काम लावून देण्यातच तिथल्या समन्वयकाचा दिवस जातो.

सणासुदीच्या पाळ्या बऱ्याच ठिकाणी ऑक्टोबरमध्येच भरतात. मुलांना न्यायचं असेल तर वयाची अट आधी विचारा, ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. पॅलेट जॅक (जड माल हलवायची हातगाडी) आणि फोर्कलिफ्ट मात्र पोरांच्या हाती कुठेच देत नाहीत. बंद बूट घाला, केस बांधा, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. आत गोदामात गार असतं, बाहेर पार्किंगमध्ये त्याहून गार, म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. उलट्या-जुलाब झाले असतील तर थांबल्यावर कमीत कमी २४ तास जाऊ नका. आणि यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा. आठ जणांच्या पाळीत तीन जण न सांगता गैरहजर राहिले तर निवडीचं एक टेबलच बंद पडतं.

निवडीचं टेबल

नवख्याला बहुधा हेच काम मिळतं आणि चुकाही इथेच जास्त होतात. एका टेबलाला चार जण पुरतात: एकाने खोकी उघडायची, दोघांनी डबे तपासायचे, एकाने भरायचं. आलेला माल आधी काट्यावर जातो. वजन वहीत लिहिल्याशिवाय खोका फोडू नका, कारण पँट्रीचा हिशेब पौंडांत चालतो आणि अनुदानासाठी तोच आकडा द्यावा लागतो.

डबा हातात आला की आधी त्याची अवस्था बघा, तारीख नंतर. फुगलेला, गळणारा किंवा दाबल्यावर टक्कन आवाज करणारा डबा सरळ बाद. पोचा पडला असेल तर तो कुठे पडलाय ते महत्त्वाचं. मधल्या भागात उथळ, गुळगुळीत पोचा असेल तर डबा चालतो. बोट आत बसेल इतका खोल असेल, किंवा वरच्या-खालच्या कडेवर अथवा उभ्या शिवणीवर असेल, तर टाका. शिवण जराशी उसवली तरी हवा आणि जंतू आत शिरायला वाट मिळते. पुसून जाणारा तांबूस गंज चालतो, पत्र्यात खड्डे पाडलेला चालत नाही. मका, वाटाणा, घेवडा अशा कमी आंबट पदार्थांत बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका असतो आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. म्हणून उघडून हुंगून बघणे हा प्रकार नको. शंका आली की बाद. लेबल निघालेला डबाही बाद, आत काय आहे हे ॲलर्जी असलेल्या माणसाला कळणार कसं?

तारखेच्या बाबतीत नवखे उलटी चूक करतात, म्हणजे चांगला माल फेकतात. डब्यांवरची ‘बेस्ट बाय’ तारीख ही चवी-दर्जाची असते, ती उलटली म्हणजे अन्न विषारी झालं असं नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने तारीख सक्तीची आहे ती फक्त बाळाच्या फॉर्म्युला दुधावर, आणि तिथे मात्र एक दिवसही पुढे चालत नाही. बाळांच्या इतर खाण्यालाही पँट्र्या हाच नियम लावतात. बाकी मालासाठी टेबलाजवळ एक तक्ता चिकटवलेला असतो, त्याप्रमाणे जा. त्यामागचं कारण माहीत असलं की तक्ता डोक्यात राहतो. टोमॅटो, अननस अशा आंबट मालातलं आम्ल डब्याला आतून खातं, म्हणून त्याचा दर्जा १२ ते १८ महिनेच टिकतो. कमी आंबट माल २ ते ५ वर्षं चांगला राहतो.

आपल्या लोकांचा हमखास होणारा घोळ म्हणजे तारीख वाचण्याचा. ०१/०५ म्हणजे इथे ५ जानेवारी, १ मे नव्हे. उलट बाजूने, इंडियन ग्रोसरीतून आलेल्या डाळीच्या पाकिटावर दिवस आधी आणि महिना नंतर असू शकतो. कधी फक्त पॅकिंगची तारीख आणि ‘पॅकिंगपासून ९ महिन्यांत वापरा’ एवढंच असतं. शेजारी उभ्या अमेरिकन स्वयंसेवकाला त्यातून काहीच उमगत नाही आणि चांगली तूरडाळ कचऱ्यात जाते. अशी पाकिटं दिसली की आपल्याकडे घ्या, हिशेब करा आणि मार्करने महिन्याचं नाव अक्षरांत लिहून टाका. हे काम त्या टेबलावर बहुतेक तुम्हालाच येत असतं.

लेबल वाचण्याचंही तसंच. शाकाहारी घरात जिलेटिन, लार्ड (डुकराची चरबी), चिकन ब्रॉथ हे शब्द बारीक अक्षरांत शोधायची सवय असतेच, ती इथे कामी येते. रिफ्राइड बीन्सच्या काही डब्यांत लार्ड असतं, स्टफिंगच्या (टर्कीबरोबर खायच्या पावाच्या सारणाच्या) बऱ्याच पाकिटांत कोंबडीचा अर्क असतो, मार्शमेलोत जिलेटिन. ‘पोर्क अँड बीन्स’ नुसत्या बीन्सच्या फळीवर गेलं की मुस्लिम, ज्यू किंवा शाकाहारी कुटुंबाच्या पिशवीत ते नकळत पोचतं. शक्य असेल तिथे असा माल वेगळ्या फळीवर लावा.

भरायला केळ्यांचे रिकामे खोके वापरतात, कारण ते मजबूत असतात आणि त्यांना धरायला खाचा असतात. त्यांच्या तळाला मध्ये भोक असतं. आधी एक पुठ्ठा टाका, नाहीतर उचलल्यावर डबे पायावर येतात. १५ औंसाचे २४ डबे म्हणजे साधारण २५ पौंड, म्हणजे ११ किलोच्या थोडं वर. इथे थांबा. खोका अर्धा रिकामा दिसतोय म्हणून भरत राहिलात तर संध्याकाळी तो उचलणाऱ्या सत्तरीच्या काकांची पाठ जाते, आणि पँट्रीचे वर्षभराचे स्वयंसेवक बहुधा निवृत्त मंडळीच असतात. काचेच्या बरण्या वेगळ्या खोक्यात, उभ्या. साबण, डिटर्जंट कधीही अन्नाबरोबर किंवा अन्नाच्या वरच्या फळीवर नको: गळतं ते एक, आणि तांदळाला, सिरियलला तो वास लागतो तो जात नाही. खोके जमिनीवर ठेवू नका, निदान ६ इंच उंचीवर हवेत. फळीवर लावताना जुना माल पुढे, नवा मागे.

टर्की आणि थंड माल

फ्रिजचा काटा ४० फॅरनहाइट (४ सेल्सिअस) किंवा खाली, फ्रीझर शून्य फॅरनहाइटवर (उणे १८ सेल्सिअस). पाळी सुरू होताना आणि संपताना काटा बघून नोंद करायची असते, ती विसरू नका. दूध, अंडी, मांस बाहेर काढलं की घड्याळ सुरू: एकूण २ तासांपेक्षा जास्त बाहेर नाही. म्हणून टेबलावर एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढंच मांडा. कच्चं मांस फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या फळीवर, म्हणजे ठिबकलं तरी दुसऱ्या कशावर पडत नाही.

थँक्सगिव्हिंगला अख्खा भाजतात तो पक्षी म्हणजे टर्की. गोठलेली टर्की बहुधा १० ते १४ पौंडांची असते आणि नुसत्या हाताने धरली की बोटं बधिर होतात, जाड हातमोजे न्या. मांसाला हात लावायचा नसेल तर आल्या आल्या सांगा. यात कुणालाच वावगं वाटत नाही, लगेच दुसरं काम देतात. पाळी सुरू झाल्यावर फ्रीझरसमोर अडून राहणं मात्र खोळंबा करतं.

टर्की देताना दोन गोष्टी बोला. एक, घरी ओव्हन आहे का आणि ती मावेल का? मोटेलच्या खोलीत किंवा भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला अख्खी टर्की देऊन उपयोग नाही. पर्याय म्हणून कोंबडी किंवा शिजवलेलं डबाबंद मांस ठेवलेलं असेल तर ते पुढे करा. दुसरी, वितळण्याचा वेळ. फ्रिजमध्ये दर ४-५ पौंडांना २४ तास लागतात, म्हणजे १२ पौंडांच्या टर्कीला तीन दिवस. शनिवारी दिलेली टर्की घरी फ्रीझरमध्ये ठेवून रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी फ्रिजमध्ये काढली की गुरुवारला तयार. बुधवारी दिली तर गार पाण्यात बुडवून, दर पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाला पाणी बदलत, म्हणजे सहा तास. ओट्यावर रात्रभर नको. आत १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) तापमान यायला हवं. ही चिठ्ठी स्पॅनिशमध्ये आणि त्या भागात जी भाषा चालते तीत छापून पिशवीला लावली की तोंडाने सांगायचं निम्मं काम वाचतं.

लोकांसमोर असताना

नोंदणीच्या टेबलावर बसायचं असेल तर छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सरकारी धान्य टीईएफएपी या केंद्र सरकारच्या अन्न-मदत योजनेतून येतं आणि त्यात भेदभाव न करण्याचे नियम आहेत. फॉर्मवर आहे तेवढंच विचारा. कोण कोणत्या देशाचं, नोकरी का गेली, गाडी तर चांगली दिसते, यातलं काहीही नको. नोकरी शुक्रवारी जाते, गाडी त्याच दिवशी जात नाही. शिवाय ती शेजाऱ्याची असू शकते, किंवा तीन घरांचा किराणा न्यायला एकच गाडी आलेली असू शकते.

बऱ्याच पँट्र्यांत आता लोक स्वतः फळीवरून निवडतात, आणि ते बांधून दिलेल्या खोक्यापेक्षा बरंच बरं, कारण नको असलेलं इथेच राहतं. तुमचं काम त्यांच्याबरोबर चालणं आणि मर्यादा सांगणं: ‘या फळीवरून चार माणसांना तीन.’ त्यांनी काय घ्यावं ते सुचवू नका. गोड कमी खा वगैरे तर नाहीच.

गाडीत माल भरायच्या वाटपात काचेवरच्या कार्डावर कुटुंबातल्या माणसांची संख्या असते, ती बघून भरा. गाडी ‘पार्क’मध्ये आल्याशिवाय डिकीला हात लावू नका आणि दोन गाड्यांच्या मधून कधीही जाऊ नका. तिथे गंभीर अपघात होऊ शकतो.

रांगेत ओळखीचं कुणी दिसेल. नोकरकपातीनंतर आपल्यातली घरंही इथे येतात. त्यांनी ओळख दिली तर द्या, नाही दिली तर इतरांसारखंच हसून पुढचं काम करा. त्यांच्या नोंदणीचा कागद शेजारच्याकडे सरकवा. घरी गेल्यावरही नाव काढू नका, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. फोटो काढायचे असतील तर खोक्यांचे काढा.

मंडळाने गोळा करायचं असेल तर

दिवाळी आणि थँक्सगिव्हिंग जवळ येतात, त्यामुळे मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दाराशी खोके ठेवणं सोयीचं पडतं. फक्त आधी पँट्रीला फोन करून तीनच वस्तू ठरवा आणि आमंत्रणात त्या तीनच लिहा. ‘काहीही आणा’ म्हटलं की घरातल्या कपाटातलं नको असलेलं येतं. चकली, लाडू, घरचं लोणचं पँट्री घेऊ शकत नाही, ते कितीही चांगलं असलं तरी. उघडलेलं पाकीट किंवा मोठ्या पोत्यातून घरी पिशव्यांत भरलेली डाळसुद्धा नाही. बंद पाकिटातला ५ पौंड तांदूळ, राजमा-छोल्यांचे डबे, मसूर, पीनट बटर कुठेही खपतं. तूरडाळ आणि कणीक तिथे दक्षिण आशियाई कुटुंबं येत असतील तरच. डबे शक्यतो ओढून उघडायच्या झाकणाचे घ्या, प्रत्येकाकडे कॅन ओपनर नसतो. गरजू घरांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी स्नॅप योजनेच्या पैशांत डायपर, सॅनिटरी पॅड, टॉयलेट पेपर, साबण येत नाही, म्हणून दाराशी एक खोका नुसता त्यांचा ठेवला तर तो सगळ्यांत आधी संपतो.

पैसे दिले तर ते मालापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण पँट्रीला घाऊक भावात आणि फूड बँकेतून नाममात्र दरात माल मिळतो. नोकरीच्या कंपनीकडे स्वयंसेवेच्या तासांमागे देणगी देण्याची योजना आहे का बघा. असल्यास तासांची नोंद पँट्रीकडून त्याच दिवशी सही करून घ्या, डिसेंबरअखेर सगळेच मागतात आणि कागद राहून जातो. माल पोचवायला वेळ ठरवून जा, कार्यक्रम संपल्यावर रात्री बंद दारासमोर खोके ठेवू नका. पावसाने पुठ्ठा भिजतो, उंदीर लागतात आणि सगळं फेकावं लागतं.

आणि नाव नोंदवताना डिसेंबरची एक पाळी सोडून जानेवारीचा तिसरा सोमवार घ्या. मार्टिन लूथर किंग यांच्या नावाची ती सुट्टी सेवेचा दिवस म्हणून पाळली जाते. तो दिवस भरलेला असेल तर त्यानंतरचा कुठलाही मंगळवार मागा. हीटिंगची बिलं तोवर आलेली असतात, रांग तेवढीच असते आणि निवडीच्या टेबलावर दोनच माणसं असतात.