जुन्या गाडीचा गंज घरीच काढताय? या चुका टाळा

चाकाच्या कमानीवर रुपयाएवढा फोड आलेला असतो. नखाने टोकरला की रंगाचा पापुद्रा सुटतो, आतून ओलसर तपकिरी भुगा गळतो आणि बोट आरपार जातं. बहुतेक जण इथूनच कामाला लागतात: फोड घासला, पुट्टी भरली, रंग मारला. पुढच्या पावसाळ्यात फोड त्याच जागी, आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. पत्रा आतल्या बाजूने सडत आलेला असतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा तिथे नुसता रंग उरलेला असतो. म्हणून गंजाचं काम बाहेरून सुरू करणं हीच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

पुढचं सगळं जुनी फियाट पद्मिनी, १९८३ ते २०१४ या काळात निघालेली मारुती ८००, जिप्सी, किंवा कुणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली पडलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार, या सगळ्यांना लागू आहे. फरक एकच. जिप्सीला खाली वेगळी चेसिस, म्हणजे वजन पेलणारा लोखंडी सांगाडा, असते. पद्मिनी आणि ८०० मध्ये बॉडी हीच चेसिस, तिथे सडलेला पत्रा म्हणजे गाडीचा मोडलेला कणा.

पाणी कुठे थांबतं ते न शोधणं

पांदण रस्त्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सहजासहजी सोडत नाही. चाकाने उडालेला चिखल कमानीच्या आत वळवलेल्या कडेवर जाऊन बसतो. वरून वाळलेला दिसला तरी आत दिवाळीपर्यंत ओल राहते. गाडी गोठ्याला लागून उभी असेल तर शेणामुताची वाफ त्यात भर घालते. कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाजवळ उभी असेल तर ओल आणि उंदीर दोन्ही येतात; उंदरांनी रनिंग बोर्डात, म्हणजे दाराखालच्या पोकळ पेटीत, कोंबलेला कापूस वर्षभर ओला राहू शकतो. खताच्या पोत्यांची वाहतूक तर गाडीचा काळच. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. पोतं फाटून मूठभर खत मॅटखाली गेलं की ते हवेतली ओल ओढत फ्लोअर खात राहतं.

तेव्हा ग्राइंडर हातात घेण्याआधी सीट, मॅट, दाराच्या आतली कव्हरं सगळं काढा. एकाने वरून नळी धरावी, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसावं. काचेचं रबर, वायपरखालची जाळी, दाराचं रबर, डिकीतली स्टेपनीची खळगी, प्रत्येक जागी पाच-पाच मिनिटं पाणी सोडा, खालून वर चढत जा. पाणी आत आलं ती जागा खडूने खूण करून ठेवा. मग दाराच्या आणि रनिंग बोर्डाच्या तळाशी कंपनीने ठेवलेली पाणी निघायची भोकं शोधा. ती मातीने किंवा डांबराने बुजलेली निघतात. तार घालून मोकळी करा.

यानंतर खालून प्रेशरने धुऊन घ्या आणि दारं उघडी टाकून दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात असाल तर शेवटचं पाणी बोअरचं घेऊ नका. त्यातलं मीठ पत्र्यावर राहतं आणि नव्या रंगाखाली बारीक फोड उठतात. साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा, दोन-तीन बादल्यांचा तर प्रश्न आहे.

आता तपासणी. कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे आधीच्या कुणीतरी पुट्टी भरलेली आहे. मग छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा. तो घुसला तर भोक जेवढं दिसतं त्याच्या दुप्पट-तिप्पट पत्रा कापावा लागेल, हे धरूनच चाला. चेसिस नंबर कुठे कोरलेला आहे तेही आताच पाहा, फोटो काढा आणि त्या जागेवर चिकटपट्टी लावून ठेवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवायला गेलात की तो नंबर वाचला जातो. ग्राइंडरने घासला गेला तर पुढे मोठी डोकेदुखी.

जॅकवर चढवून रनिंग बोर्ड कापणं

दाराखालचा हा पोकळ पेटीसारखा भाग गाडीचं वजन तोलतो, उघड्या छताच्या गाडीत तर जवळपास सगळंच. गाडी मधोमध जॅकवर उचलून तो कापला की बॉडी वाकते आणि नवा पत्रा त्या वाकलेल्या आकारातच पक्का होतो. काम संपल्यावर दार लागत नाही, आणि तेव्हा इलाज नसतो.

कापण्याआधी दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) सस्पेन्शन बसतं त्या मजबूत जागांखाली लावा. दाराच्या चौकटीत २५ मिमीच्या चौकोनी पाइपची तिरपी आणि आडवी पट्टी वेल्डिंगने टाचून घ्या. एका वेळी एकच बाजू कापा, ती पूर्ण जोडून झाल्यावरच दुसरी. मधेमधे फट मोजत राहा; २ मिमीचा जरी फरक पडला तरी थांबून घोड्यांची उंची सुधारा.

तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेटने ठोकणे, आत सिमेंट किंवा फोम भरणे, वरून फायबर चढवणे हे प्रकार सर्रास दिसतात. डब्याचा पत्रा जेमतेम ०.३ मिमीचा, तो वजन घेत नाही. फोम स्पंजासारखं पाणी धरतो. सिमेंटची कड पत्र्यापासून सुटते आणि त्या बारीक फटीत पाणी शिरून बसतं. असं केलेली गाडी वरून धडधाकट दिसते आणि धडकेत घडी होते.

नांगर सांधायच्या मशीनने बॉडी सांधणं

गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ट्रॉली, गेट, नांगर सांधतात ते कांडीचं वेल्डिंग. ३.१५ मिमीची कांडी ८०-९० अँपिअरच्या वर चालते, आणि बॉडीचा बाहेरचा पत्रा असतो साधारण ०.७ ते ०.८ मिमी. भोक बुजवायला गेलं की शेजारी दुसरं पडतं. इथे कांडीऐवजी बारीक वायर आणि गॅसवर चालणारं मिग मशीनच हवं: ०.८ मिमीची वायर, चांगल्या पत्र्यावर ४० ते ६० अँपिअर, गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर. नुसता सीओटू चालतो, पण आर्गन मिसळलेला गॅस पातळ पत्र्यावर जास्त सौम्य. उघड्या अंगणात वारा गॅस उडवून नेतो आणि सांधा स्पंजासारखा सच्छिद्र होतो, म्हणून तट्ट्या किंवा ताडपत्रीचा आडोसा करा. पंखा बंद.

गावाकडचा मोठा घोटाळा व्होल्टेजचा. २३० च्या जागी १७०-१८० येत असेल तर वायर फटफट करत तुटते, आणि माणूस मशीनला दोष देत सेटिंग वाढवत बसतो. आधी मीटर लावून पाहा, लाइनवर भार कमी असेल ती वेळ निवडा, आणि एक्स्टेन्शन २.५ चौ. मिमीचं, शक्य तितकं आखूड, पूर्ण उलगडून वापरा.

तुकडा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा घ्या: बाहेरच्या अंगाला २० ते २२ गेज, रनिंग बोर्डाला १८ गेज. मूळ पत्रा चांगला असेल तिथे व्हर्नियरने मोजून खात्री करा. छपराचा जस्ताचा पत्रा नको, सांधताना त्याचा पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. तुकड्याचे कोपरे गोल कापा. सलग ओढत नेऊ नका: एक टाका, तिथून १५ सेंटिमीटर लांब दुसरा, मग समोरच्या बाजूला तिसरा. हात लावून पत्रा सोसवेल इतका निवला की पुढचा टाका. २५-३० मिमीवर टाके पडले की मधल्या जागा भरा. इथे घाई केली की पत्रा फुगतो आणि दाबला की डबडब वाजतो.

सांधण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ, घासलेल्या पत्र्यावर लावा. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. पत्र्यामागची वायरिंग, फोम, डांबर आधी काढा. पाण्याची बादली आणि अग्निशामक शेजारी ठेवा, काम थांबल्यावर अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका. आजूबाजूला कुटार असेल तर जागाच बदला.

संडासाचं ॲसिड, आणि गंजावर कन्व्हर्टर

संडास साफ करायचं ॲसिड गंज झटक्यात खातं हे खरं. पण ते हायड्रोक्लोरिक. त्यातलं क्लोराइड सांध्यांत शिरतं आणि रात्रीतून पत्रा पुन्हा पिवळा पडतो. सुटे होणारे लहान भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशने घासून सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. बॉडीवर फॉस्फोरिक ॲसिडचा कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचा टिकाऊ काळा थर बनवणारं द्रावण, फक्त पत्र्याला घट्ट चिकटलेल्या पातळ गंजासाठी. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर तो वरवर काळा होतो, खाली गंज जिवंत राहतो.

पावसाळ्यात प्रायमर, मे महिन्यात रंग

पोळा झाला की पाऊस भोळा होतो म्हणतात, पण हवेतली ओल लगेच जात नाही. उघडा केलेला पत्रा अशा दिवसांत एका रात्रीत तांबूस होतो. मे महिन्यात उलट: पत्रा हात लावू देत नाही, थिनर हवेतच उडतो आणि रंग कोरडी धूळ होऊन बसतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरा आणि ऊन चढल्यावर, दव पूर्ण वाळल्यावर गन हातात घ्या. जेवढा पत्रा आज घासाल तेवढ्यालाच आज इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या.

पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती प्रायमरच्या वर, ८० नंबरच्या पेपरने खरवडून, आणि जास्तीत जास्त ३ मिमी. हार्डनर वजनाने २ टक्के. ‘लवकर सुकावी’ म्हणून दुप्पट घातला तर रंगातून डाग वर येतो. टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारताना नाकाला दुपट्टा बांधून भागत नाही, त्यातला आयसोसायनेट दम्याचं कायमचं दुखणं देतो. कार्बन कार्ट्रिजचा मास्क, मोकळी हवा, आणि लेकरं लांब.

शेवटी जळालेलं ऑइल किंवा डांबर

जळालेलं ऑइल डिझेलमध्ये मिसळून खालून मारायची पद्धत जुनी आहे. त्याने रबराचे बुश फुगतात, धूळ चिकटून तिचा ओला थर बनतो, आणि पुढे तिथे ना वेल्डिंग करता येतं ना रंग धरतो. डांबर वाळून तडकतं, आणि तड्यात शिरलेलं पाणी बाहेर येत नाही.

सांध्यांवर आत-बाहेर सीम सीलर भरा. रंग पूर्ण वाळला की रनिंग बोर्ड, दारं आणि डिकीच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारा, खालच्या भोकातून थेंब गळेपर्यंत. मग तार घालून ती भोकं परत मोकळी करा. वॅक्स पेट घेतं, त्यामुळे यानंतर त्या भागात वेल्डिंग नाही. आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की मॅटखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी ज्या जागी कागद ओला, तिथलं रबर किंवा सीलर अजून राहिलंय.